चूल एक, हक्क दोन

नोकरी गेलेल्या माणसाला राज्यसंस्थेने काही काळ भत्ता द्यावा की नाही, हा वाद आता जगात फारसा उरलेला नाही. ज्या देशांना परवडते ते देतात. ज्यांना परवडत नाही ते निदान देण्याची इच्छा बोलून दाखवतात. खरा वाद निराळाच आहे, आणि तो बहुधा नियमावलीच्या एखाद्या पोटकलमात दडून बसलेला असतो. नवऱ्याची नोकरी गेली, परंतु बायको कमावती आहे. किंवा बायकोची गेली आणि नवरा कमावतो आहे. अशा वेळी भत्ता मिळावा काय? आणि मिळालाच तर तो पूर्ण मिळावा, की जोडीदाराच्या पगाराच्या मानाने कापून मिळावा? 'घरात एक पगार येतो आहे ना, मग भत्ता कशाला?' असे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. त्यांत सरकारी हिशेबनीस आहेत, वर्तमानपत्रांतून लिहिणारे आहेत आणि आमचे काही सुजाण धर्मग्रामस्थही आहेत. आमचे मत नेमके याच्या उलट आहे.

हा प्रश्न साता समुद्रांपलीकडचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. गोव्यातील किती कुटुंबे पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडातील स्विंडन शहरी जाऊन राहिली आहेत, हे आता कोणाला सांगायला नको. गोदामांतून, कारखान्यांतून, वृद्धाश्रमांतून नवरा-बायको दोघेही पाळ्या करतात. एकाची नोकरी सुटली की तेथील कचेरी पहिला प्रश्न विचारते तो 'तुमचे काय गेले?' असा नव्हे, तर 'तुमच्या जोडीदाराला काय मिळते?' असा. म्हणून इंग्लंडचीच कहाणी आम्ही आधी सांगतो. ती मोठी बोधक आहे.

१९११ साली त्या देशात राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. जहाजबांधणी, यंत्रकाम, इमारत-बांधकाम अशा मोजक्या धंद्यांतील कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स भरायचे, मालकानेही तेवढेच भरायचे, सरकारने त्यात आपली भर घालायची आणि काम सुटले तर कामगाराला आठवड्याला सात शिलिंग मिळायचे, तेही वर्षातून पंधराच आठवडे. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व स्वच्छ होते. ज्याने भरले त्याला मिळेल. त्याची बायको धुणे धुते की शिवणकाम करते, याच्याशी विम्याला कर्तव्य नव्हते. घराला आग लागली तर विमा कंपनी 'तुमच्या भावाला घर आहे ना, तेथे जाऊन राहा' असे सांगत नाही. विमा याचा अर्थच तो.

या स्वच्छ तत्त्वाला पहिले ग्रहण लागले ते १९३१ साली. मंदीचे दिवस होते, बेकारांची संख्या फुगत चालली होती आणि तिजोरी रिकामी होत होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तेथील मजूर पक्षाच्या सरकारने एक कायदा केला. नाव साधे, 'विसंगती' दूर करण्याचा कायदा. ही विसंगती म्हणजे कोण? मुख्यतः विवाहित स्त्री! जिने लग्नापूर्वी वर्षानुवर्षे विम्याचे पैसे भरले, तिचे लग्न होताच ती कामाच्या बाजारातून निघून गेली असे समजण्यात आले; तसे नाही, हे सिद्ध करण्याचा भार तिच्याच माथी आला. हजारो स्त्रियांचे भत्ते एका फटक्यात बंद झाले. आणि हा कायदा आणणाऱ्या मजूरमंत्री होत्या मार्गारेट बाँडफील्ड, त्या देशाच्या मंत्रिमंडळात बसलेल्या पहिल्या महिला. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस आली ती कुप्रसिद्ध 'मीन्स टेस्ट', म्हणजे ऐपतीची झडती. सव्वीस आठवड्यांचा विम्याचा भत्ता संपला की पुढील मदत मिळण्यापूर्वी एक निरीक्षक घरी यायचा. घरात किती माणसे, कोण किती मिळवते, आजोबांचे निवृत्तिवेतन किती, मुलीला दुकानात काय मिळते, एवढेच नव्हे तर घरात विकण्याजोगे सामान काय आहे, हे सारे तो टिपून घ्यायचा आणि त्या मानाने बापाचा भत्ता कापला जायचा. मुलगा कमावता झाला की बाप त्याचा पोशिंदा न राहता आश्रित होई. परिणाम काय झाला? मुलांनी वेगळी चूल मांडली. कोणी खरोखर घर सोडून भाड्याच्या खोलीत गेले, कोणी नुसता कागदोपत्री पत्ता बदलला. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना दुसऱ्याच्या घरी पैसे देऊन राहावे लागले. जॉर्ज ऑर्वेल यांचे 'द रोड टू विगन पिअर' हे पुस्तक १९३७ साली निघाले. या चौकशीने कुटुंबे कशी फोडली, हे त्यांनी त्यात नोंदवून ठेवले आहे. ऑर्वेल आमच्या ख्रिस्तसभेचे मित्र नव्हेत, हे येथे मुद्दाम सांगतो. कुटुंब मोडते आहे, हे पाहायला त्यांना कोणत्याही धर्मगुरूची गरज पडली नाही.

१९३२ साली बेकारांचे मोर्चे लंडनवर चालून गेले, दहा लाखांच्या आसपास सह्यांचा अर्ज घेऊन. त्यांचे कोणी ऐकले नाही. शेवटी महायुद्ध ऐन भरात असताना, १९४१ साली, ही घरभराची झडती रद्द झाली. परंतु नीट पाहा, काय रद्द झाले आणि काय राहिले. मुलाचा पगार बापाच्या पानातून बहुतांशी बाजूला काढला गेला, आजोबांचे निवृत्तिवेतन सुटले. नवरा-बायकोचे उत्पन्न मात्र एकत्र धरण्याची रीत तशीच राहिली. ती आजतागायत आहे. बाकी साऱ्या नात्यांच्या बाबतीत जे क्रूर ठरले, ते वैवाहिक नात्याच्या बाबतीत स्वाभाविक मानले गेले. आमची तक्रार आहे ती या 'स्वाभाविक'पणाबद्दल.

आजचा नियम असा. २०१३ पासून त्या देशात 'युनिव्हर्सल क्रेडिट' नावाची मदत हळूहळू सर्वत्र लागू झाली. जोडप्याला वेगळा अर्ज करता येत नाही. दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा आणि पैसे साधारणतः एकाच खात्यात जमा व्हायचे. २०२५-२६ या वर्षासाठी पंचविशीपुढील एकट्या माणसाची मूळ रक्कम महिन्याला ४००.१४ पौंड, तर जोडप्याची ६२८.१० पौंड. एका घरात दोन मित्र भाड्याने राहत असतील आणि दोघेही बेकार असतील तर त्यांना मिळून ८००.२८ पौंड मिळतील. त्याच घरात नवरा-बायको राहत असतील तर त्यांना १७२ पौंड कमी. दोघांना एका छपराखाली स्वस्त पडते, असे याचे समर्थन केले जाते. मित्रांनाही ते छप्पर तेवढेच स्वस्त पडते की!

आता बायकोच्या पगाराचा हिशेब पाहू. मुले नाहीत, घरभाड्याची मदत नाही, नवऱ्याची नोकरी गेलेली आणि बायकोच्या हातात महिन्याला १,००० पौंड पडतात, असे समजा. तिच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स मदतीतून कापले जातात. म्हणजे ५५० गेले. नवऱ्याच्या बेकारीपोटी घरात आले ७८ पौंड. तिने किमान वेतनावर आठवड्याला बावीस-तेवीस तास काम केले, तर तेही संपले. अर्ध्या वेळच्या नोकरीने पूर्ण वेळच्या बेकाराचा हक्क पुसला जातो. मुले असतील किंवा घरभाडे असेल तर आकडे बदलतात. तत्त्व बदलत नाही. आणि हे सुधारलेले रूप आहे, हेही ध्यानात घ्या. १९९६ साली सुरू झालेल्या भत्त्याच्या ऐपतीवर आधारलेल्या प्रकारात बायकोच्या कमाईतील पहिले दहा पौंड सोडले तर पुढचा प्रत्येक पौंड जसाच्या तसा कापला जाई, आणि ती आठवड्याला चोवीस तास किंवा अधिक काम करीत असेल तर भत्ताच मिळत नसे. मग शहाणी बाई काय करणार? बेकारांच्या बायकाही नोकरी सोडून घरी बसतात, असे त्या देशात वारंवार दिसून आले, आणि विचारवंतांना त्याचे नवल वाटले. आम्हांला त्यांच्या नवलाचे नवल वाटते. ज्या कामाची कमाई सरकार दुसऱ्या हाताने काढून घेते, ते काम कोण किती दिवस करील? एकाची बेकारी दोघांची होते, ती अशी.

राज्यसंस्थेच्या या हिशेबात एक ढोंग आहे, आणि त्यावर बोट ठेवल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. १९९० च्या एप्रिलपर्यंत इंग्लंडात बायकोचे उत्पन्न करासाठी नवऱ्याचेच मानले जाई. त्या महिन्यापासून दोघांचा कर स्वतंत्र झाला. स्त्रीला तिचे स्वतःचे आर्थिक अस्तित्व मिळाले, असे म्हणून त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच झाले. राष्ट्रीय विम्याचे हप्ते तर ज्याच्या त्याच्या पगारातून स्वतंत्रपणेच कापले जातात. म्हणजे घ्यायची वेळ आली की नवरा-बायको दोन व्यक्ती. द्यायची वेळ आली की ते एक कुटुंब! सावकाराच्या वहीतसुद्धा जमेला एक माप आणि खर्चाला दुसरे माप असले, तर गावकरी त्याला जाब विचारतात.

येथे आमच्याच अंगणातील एक आक्षेप उभा राहतो, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. विवाहाने दोन जिवांचे एकच जीवन होते, अशी आपली श्रद्धा आहे. मग सरकारने त्यांना एक मानले तर तुम्ही धर्मगुरू असून तक्रार का करता? प्रश्न वरवर बिनतोड आहे. परंतु एकत्व ही एकमेकांना दिलेली देणगी आहे. तिजोरीला दिलेली सवलत नव्हे. नवरा-बायकोंनी आपापली मिळकत एका डब्यात ठेवावी, हे आम्ही विवाहपूर्व वर्गात नेहमी सांगतो. त्या डब्यात डोकावून सरकारने 'आता माझा वाटा देण्याची गरज नाही' असे म्हणावे, हे त्यातून निष्पन्न होत नाही. शिवाय कायदा विवाहाला मान देतो म्हणून असे वागतो, हेही खरे नव्हे. लग्नावाचून एकत्र राहणाऱ्यांनाही तो तसेच धरतो. जो पत्ता वेगळा दाखवतो तो सुटतो. जो खरे सांगतो तो अडकतो. असा नियम कुटुंबाचा पाठीराखा कसा म्हणावा?

ज्या १९३१ साली लंडनमध्ये ही झडती सुरू झाली, त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोप अकरावे पायस यांचे 'क्वाद्राजेसिमो आन्नो' हे परिपत्र निघाले होते. बापाचे वेतन अपुरे म्हणून आईला घराबाहेर राबावे लागावे, हा त्यांनी घोर अन्याय मानला होता. आज स्त्रिया केवळ निरुपायाने काम करतात असे नाही. शिक्षिका, परिचारिका, अधिकारी म्हणून त्या आपल्या इच्छेने आणि आनंदाने काम करतात, हे आम्ही जाणतो. परंतु नवऱ्याची नोकरी जाताच संसाराचा सारा भार बायकोच्या पगारावर टाकून राज्यसंस्थेने अंग काढून घ्यावे, हे त्या जुन्या अन्यायाचेच नवे रूप नव्हे काय? पुढे १९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या परिपत्रात बेकार कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना निर्वाहासाठी साहाय्य देणे हे समाजाचे कर्तव्य असल्याचे सांगितले. कर्तव्य म्हटले, दया म्हटले नाही.

हा दयेचा आणि हक्काचा भेद आपल्या लोकांना सहज कळावा. धर्मग्रामातील संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे कार्यकर्ते गरजू घरी जातात, तेव्हा घरात कोण मिळवते, हे ते विचारतात आणि त्यांनी ते विचारलेच पाहिजे. मोजके तांदूळ ज्याची चूल पेटत नाही त्याच्याकडे आधी गेले पाहिजेत. दानाला पाहावे लागते, की पातेल्यात काय आहे. पण ज्याने दरमहा आपल्या पगारातून हप्ता भरला, त्याच्या पातेल्याचे झाकण उचलण्याचा अधिकार कोणालाही नाही. ब्रिटनमधील भानगड हीच आहे, की हक्काचा भाग वर्षानुवर्षे छाटत आणला आणि दयेचा भाग वाढवला. विल्यम बेव्हरिज यांनी १९४२ च्या अहवालात ऐपतीच्या चौकशीविना, हप्त्याच्या बदल्यात भत्ता, हे तत्त्व मांडले होते. विवाहित स्त्रीला त्यांनीही नवऱ्याची आश्रित मानले, हा त्यातील दोष होता. परंतु दोष दुरुस्त करायचा सोडून तत्त्वच पातळ केले गेले. हप्त्यावर मिळणारा भत्ता १९९६ साली बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आला. सातव्या महिन्यापासून पुन्हा जोडीदाराचा पगार आडवा येतो.

जर्मनीतही २००५ पासून असेच घडले. विम्याचा भत्ता संपला की पुढे सारे 'गरजेचे कुटुंब' एकत्र मोजले जाते, आणि नवऱ्याच्या कमाईपायी अनेक स्त्रियांची मदत बंद झाली.

श्रीमंताच्या बेकार बायकोलाही भत्ता द्यायचा काय, असे कोणी खोचकपणे विचारील. होय, हप्ता भरला असेल तर द्यायचा. श्रीमंताने तिकीट काढले असेल तर त्यालाही एस. टी.त बसू देतात. तिजोरीला मर्यादा आहेत, हे आम्हांला मान्य आहे. विम्याची मुदत संपल्यानंतरच्या मदतीत काही चौकशी अटळ आहे, हेही मान्य. पण तेथेही दुसऱ्या जोडीदाराच्या कमाईतील चांगला मोठा भाग हिशेबाबाहेर ठेवता येतो, आणि विम्याची मुदत सहा महिन्यांऐवजी निदान वर्षाची करता येते. हे अशक्य असते तर १९९६ पूर्वी ते चालले नसते.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे बेकारभत्ता म्हणण्यासारखे थोडेच आहे. कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेतील कामगारांसाठी २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली, २०१८ साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. दुसरीत आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस. रक्कम आणि अटी पाहून हसू यावे अशी स्थिती आहे. पण एक गोष्ट चांगली आहे: हा हक्क विमाधारकाचा आहे, त्याच्या बायकोच्या पगाराशी त्याचा संबंध नाही. दुबईत राहणारी आपली मुलेही हे अनुभवतात. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२३ पासून नोकरी गमावण्याचा विमा सक्तीचा केला. मूळ पगार सोळा हजार दिऱ्हॅमपर्यंत असेल तर महिन्याला पाच दिऱ्हॅम हप्ता. निदान बारा महिने भरले आणि नोकरी स्वतः सोडलेली नसली, तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम तीन महिन्यांपर्यंत मिळते. वसईत बायको शाळेत शिकवते काय, असे तेथे कोणी विचारत नाही. मजुरांच्या हक्कांबद्दल आखाती देशांचे नाव कोणी आदराने घेत नाही. तरी एवढ्या एका बाबतीत ते लंडनपेक्षा सरळ वागले.

आमची मान खाली जाते ती रोजगार हमीच्या बाबतीत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याने ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला काम मागण्याचा हक्क दिला होता. व्यक्तीला, कुटुंबाला नव्हे. २००५ साली केंद्राचा कायदा आला आणि त्याने हमी दिली ती वर्षाला शंभर दिवसांची, दर कुटुंबामागे. नवरा सत्तर दिवस खोदकामाला गेला, तर बायकोच्या वाट्याला तीस. काम मिळाले नाही तर बेकारभत्ता देण्याची तरतूदही त्यात होती. पण घरातील सर्व प्रौढांचे मिळून शंभर दिवस भरले की तो हक्कही संपत असे. नवऱ्याच्या मजुरीने बायकोचा बेकारभत्ता खाल्ला, हे आपल्याच कायद्यात लिहिलेले होते. नवऱ्याने टाकलेल्या बाईला वेगळे जॉबकार्ड मिळवण्यासाठी ग्रामपंचायतीत किती खेटे घालावे लागले, हे खेड्यांतून काम करणाऱ्या आमच्या धर्मभगिनींना विचारावे. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला. शंभराचे एकशे पंचवीस दिवस झाले. मोजणी मात्र कुटुंबाचीच राहिली. पंचवीस दिवस वाढले म्हणून सभागृहात बाके वाजली. १९७७ साली विधिमंडळाने जे समजून घेतले होते, ते कोणाला आठवले नाही.

ब्रिटिश सरकारने २०२५ च्या मार्चमध्ये हप्त्यावर आधारलेला, ऐपत न पाहणारा नवा बेकारी विमा आणण्याचा प्रस्ताव मांडला आहे. तो कायद्यात उतरेल तेव्हा उतरेल. ज्यांचे नातलग तिकडे आहेत त्यांनी आजच्या आज एक गोष्ट पत्राने किंवा दूरध्वनीने कळवावी. 'तुमची बायको कमावते, तुम्हांला काही मिळणार नाही' हे ऐकून परत फिरू नये. युनिव्हर्सल क्रेडिटहून वेगळा, 'न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स' नावाचा भत्ता तेथे अजून आहे. मागील दोन-तीन वर्षांत राष्ट्रीय विम्याचे पुरेसे हप्ते भरले असतील, तर तो १८२ दिवसांपर्यंत मिळतो. २०२५-२६ मध्ये पंचविशीपुढील माणसाला आठवड्याला ९२.०५ पौंड. त्यात जोडीदाराची कमाई पाहिली जात नाही. त्यासाठी अर्ज मात्र वेगळा करावा लागतो आणि तो नोकरी सुटल्याबरोबर करावा. सबळ कारण दाखवल्याशिवाय मागल्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत.